दोष पोरांचा नाही, एकाच खात्याचा

घरचा कॉम्प्युटर रखडू लागला, की आमच्या कसबा बावड्यात निदान ठरलेलं असतं: "पोरांनी कायतरी डाउनलोड केलंय." उपायही ठरलेला. पासवर्ड बदलायचा आणि परीक्षा संपेपर्यंत पोरांना माउसला हात लावू द्यायचा नाही. निदान चूक आहे आणि उपाय त्याहून चूक.

मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले लाखो कॉम्प्युटर बंद पाडले. त्यासाठी कुणा पोराने गेम उतरवावा लागला नाही. नेटवर्कवरून तो एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. विंडोजमधलं ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही, ते सापडले. घरातली अपडेट 'नंतर बघू' म्हणून कोण ढकलतं? दुकानदाराकडून क्रॅक केलेलं ऑफिस कोण टाकून घेतं? विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तरी त्याच यंत्रावर बँकेचे व्यवहार कोण करतं? सातवीतला मुलगा नव्हे.

मुलं नको तिथे क्लिक करतात, हे खरं. गेममध्ये फुकट नाणी देतो म्हणणाऱ्या 'चीट' फायलींत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम दडवलेले असतात. पण त्या एका क्लिकचा फटका घरभर बसतो, कारण सगळं घर एकाच खात्यातून वावरतं आणि ते खातं अ‍ॅडमिनचं असतं. ब्राउझरमध्ये वडिलांचे पासवर्ड साठवलेले, डेस्कटॉपवर सातबारा, आधार, पॅनच्या प्रती, आणि तिथेच मुलगी गेम शोधते.

"घरच्या घरात वेगळी खाती कशाला? पोरांवर अविश्वास?" असा आक्षेप येतो. उलट, एकाच लॉगिनमुळे मूल अदृश्य होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकाची संमती आणि लक्ष्य करून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींना मनाई अशा तरतुदी आहेत. वडिलांच्या नावाने बसलेलं मूल ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या लेखी चाळिशीतला माणूस ठरतं.

आणि बंदी? याच बावड्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर दंड पालकाला ठेवला होता. जबाबदारी कुणाची, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. आजच्या मुलाचं शिकणं कॉम्प्युटरच्या पडद्यावरही होतं, मग बंदी त्याच्यावर कशी?

करायचं ते अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येकाला वेगळं 'स्टँडर्ड' खातं द्यावं. मोठ्यांनीही रोज तेच वापरावं. अ‍ॅडमिनचं खातं बाजूला ठेवावं, त्याचा पासवर्ड मोठ्यांपाशीच. यंत्रणेत बदल करणारा प्रोग्राम आला की पासवर्ड मागितला जाईल आणि मुलाला हाक मारावीच लागेल: "बाबा, हे काय विचारतंय?" तो संवाद मला कुठल्याही अँटीव्हायरसपेक्षा मोलाचा वाटतो. वेगळ्या खात्यानेही सगळं टळत नाही. त्या खात्यातल्या फायली जाऊ शकतात. म्हणून फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही गिळतो.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ती रोखता येण्याची शक्यता असते. तो वेळ हाताशी राहतो, तो चूक झाल्याबरोबर मुलाने सांगितलं तरच. मार बसणार हे ठाऊक असलेलं पोर ब्राउझरची हिस्टरी पुसतं आणि रात्रभर गप्प बसतं.