जुन्या हौदाला नवे अस्तर : आधी तपासणी, मग गिलावा

लोणावळा, खंडाळा, पाचगणी, अलिबाग या बाजूला बंगल्यांच्या आवारात पोहण्याचे हौद, म्हणजेच स्विमिंग पूल, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ झाले. त्यांतले जुने हौद आता दुरुस्तीला आले आहेत. कुठे लादी सुटते, कुठे पाणी झिरपते, कुठे भिंतीवर गंजाचे तांबडे डाग उमटतात. यातले बरेच बंगले सुट्टीच्या दिवशी भाड्याने जातात आणि येणारे गिऱ्हाईक आधी हौदाची चौकशी करते. त्यामुळे मालकाला दुरुस्ती फार दिवस टाळता येत नाही. कडिया, लादीवाले, प्लंबर आणि रंगारी या आमच्या कारागीर बांधवांसाठी हे चांगल्या कमाईचे काम आहे. परंतु ते ज्या रीतीने घेतले जाते, त्याबद्दल चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांला जरूर वाटते.

रीत अशी आहे. मालक म्हणतो, लादी उखडली आहे, भाव सांगा. कारागीर चौरस फुटाचा भाव सांगतो. दुसरा त्याहून कमी सांगतो व काम नेतो. सुटलेल्या लाद्या चिकटवून, वरून रंगाचा हात मारून हौद भरला जातो. पावसाळा संपतो न संपतो तोच तीच जागा पुन्हा फुगते. मालक शेवटचा हप्ता अडकवून ठेवतो आणि कारागिराचे नाव खराब होते. वास्तविक लादीत खोट नव्हती. पाठीमागच्या भिंतीला चीर होती व ती कोणी पाहिलीच नव्हती.

आमचा धंदा कापडाचा. चांगला रफूगर सुई हातात घेण्यापूर्वी भोवतालचा धागा किती विरला आहे हे बोटांनी चाचपतो, कारण विरलेल्या कापडावर टाका धरत नाही. हौदाचेही तसेच आहे. वरचा गिलावा किंवा लादी हे अस्तर आहे. अंग आहे ते आतल्या सिमेंट-सळईचे. अंग न तपासता अस्तर बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा आणि आपली मेहनत, दोन्ही पाण्यात घालणे होय.

तपासणीला भारी यंत्रे लागत नाहीत. हौदाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी. बादलीतल्या आणि हौदातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून चोवीस तास थांबावे. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले, तर ते उन्हाने उडाले. हौदाचे जास्त उतरले, तर गळती आहे. हीच परीक्षा एकदा पंप बंद ठेवून व एकदा चालू ठेवून करावी. पंप चालू असताना गळती वाढली, तर संशय पाइपावर घ्यावा. वीस फूट बाय दहा फूट हौदात पाणी एक इंच उतरले, तर सुमारे ४७० लिटर गेले. हा हिशेब मालकासमोर मांडला की तपासणीची किंमत त्याला लगेच कळते.

हौद रिकामा झाल्यावर हातोडीने हलके ठोकत जावे. आवाज पोकळ आला, तर तेथील गिलावा सुटला आहे. केसासारख्या वरवरच्या चिरा निराळ्या आणि आरपार गेलेली चीर निराळी. शंका असल्यास चिरेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून काही दिवस पाहावे. पट्टी तडकली, तर भिंत अजून हलते आहे. तेथे गिलावा करण्याआधी इंजिनिअरला बोलवावे. गंजाचा डाग दिसला, तर सळई मोकळी करून, घासून, गंजरोधक लेप देऊन मगच भरावे. पाणी साठविणाऱ्या काँक्रीटसाठी आपल्या देशात आय. एस. ३३७० हे मानक आहे. मोठे काम घेणाऱ्याने त्याची माहिती असलेला माणूस जवळ ठेवावा.

एक गोष्ट विसरू नये. भर पावसात हौद रिकामा करू नये. अलिबागसारख्या ठिकाणी जमिनीतील पाणी वर आलेले असते आणि रिकामा हौद नावेसारखा खालून उचलला जाऊन तडकू शकतो. मालकाने कितीही घाई केली तरी हे काम पाण्याची पातळी उतरल्यावरच, म्हणजे दिवाळीनंतर घ्यावे.

आता अस्तराविषयी. इपॉक्सी रंग स्वस्त पडतो, पण थोड्याच वर्षांत पुन्हा द्यावा लागतो. पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा त्याहून टिकतो. मात्र तो एका दमात पुरा करावा लागतो आणि पाण्यातले आम्ल वाढू दिले तर खरवडला जातो. काचेची मोझेक लादी सर्वांत महाग व नीट बसविली तर सर्वांत टिकाऊ. जाळीचे कापड आत घातलेले पीव्हीसी अस्तर गरम हवेने सांधतात. ते काम शिकण्यासारखे आहे. कोणतेही अस्तर घ्या, जुना रंग खरवडून, पृष्ठभाग छन्नीने खडबडीत करून, धुऊन मगच हात लावावा. रंगावर गिलावा धरत नाही. लादीसाठी पाण्याखाली टिकणारा चिकट मसालाच वापरावा. गिलाव्याला पाणी मारायचे दिवस वाचवू नयेत.

या कामात जिवाची जोखीमही आहे. हौद धुण्याचे अ‍ॅसिड आणि क्लोरीनची पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून निघणारा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो, तो हौदाच्या तळाशी साठतो, आणि काम करणारा माणूस तळाशीच असतो. तळाच्या जाळीकडेही लक्ष द्यावे. अमेरिकेत माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली अशाच जाळीच्या ओढीत अडकून बुडाली. त्यानंतर २००७ साली तेथे सुरक्षित झाकणांचा कायदा झाला. अस्तर बदलताना फुटकी जाळी तशीच ठेवणारा कारागीर दुसऱ्याच्या मुलाची जिम्मेदारी डोक्यावर घेतो.

आमचे म्हणणे एवढेच की, तपासणीचे पैसे वेगळे घ्यावेत आणि ते मागताना लाजू नये. डॉक्टर तपासणी फुकट करीत नाही. भाव देताना कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : काय आढळले, काय करणार, काय करणार नाही आणि हमी कशाची व किती दिवसांची. दोघांच्या सह्या घ्याव्यात. सध्या तोंडी बोलीवर काम करणारा कारागीर भांडणात हरतो, आणि छापील कागद देणारी कंपनी तेच काम त्याच कारागिराकडून कमी मजुरीत करून घेते. हुन्नर आमचा आणि नफा दुसऱ्याचा, याचे कारण पुष्कळदा हा एक कागदच असतो.

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील पाणचक्कीचा हौद लोक आजही पाहायला जातात. पाणी राखण्याची विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. आज सिमेंट आणि रसायने बदलली आहेत, त्यांची माहिती करून घ्यावी लागेल. जो बांधव आधी तपासून, लिहून देऊन काम करील, त्याला थोडी कामे सोडावी लागतील. पण घेतलेल्या कामाचा शेवटचा हप्ता त्याला मागत फिरावे लागणार नाही.