जागा चुकलेले स्वादुपिंड



पेरणी करताना चार दाणे बांधावर सांडतात आणि पाऊस पडला की तेही उगवतात. बी तेच, पीक तेच. फक्त जागा चुकलेली. माणसाच्या पोटातही कधी कधी असेच घडते.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. अन्न पचवणारा रस आणि साखरेवर ताबा ठेवणारे इन्सुलिन ते तयार करते. मूल गर्भात असताना हा अवयव आतड्याला फुटलेल्या दोन कोंबांपासून घडतो. त्या घडणीत एखादा कण बाजूला पडून जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत रुजतो, असे मानतात. आईने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

ही गाठ बहुधा हरभऱ्यापासून बोराएवढी असते आणि बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. पण ती जठराच्या खालच्या तोंडाशी असली तर अन्नाची वाट अडते व मूल सारखे ओकते. काहींना रक्तस्राव होतो. आतड्यातली गाठ कधी पुढे ओढली जाते आणि सदऱ्याची बाही आत दुमडावी तसे आतड्यात आतडे शिरते. शंभरात सुमारे दोघांना लहान आतड्यावर जन्मतः एक पिशवी असते. मेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८०९ मध्ये तिचे मूळ उलगडले. तिच्यातही असे स्वादुपिंड सापडते.

आता खुणा नीट ध्यानात ठेवा. बाळ एकाएकी पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मग शांत होते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. उलट्या होतात, पुढे त्या हिरव्या होतात. शेवटी शीतून रक्त आणि शेंब पडते. याला रक्ती आव समजून घरी बसू नका. एरंडेल, जुलाब, पोटावर डागण्या यांत रात्र घालवू नका. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते काही तासांत सडू लागते. तोंडाने काही न देता बाळाला मोठ्या दवाखान्यात न्या.

तेथे सोनोग्राफी करतात. लहान बाळांत बहुतेक वेळा गाठ नसतेच. गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडून आतडे सरळ होते. तसे झाले नाही, पुन्हा पुन्हा अडकू लागले, किंवा मूल वयाने मोठे असले, तर सर्जन आत गाठ आहे का ते शोधतात. गाठीसह आतड्याचा तेवढाच तुकडा काढून दोन्ही टोके शिवतात. काढलेला तुकडा तपासल्यावरच ती गाठ कशाची होती, हे पक्के ठरते.

“स्वादुपिंड काढले, आता पोराला मधुमेह होईल का?” असे आया विचारतात. नाही. खरे स्वादुपिंड आपल्या जागी शाबूत असते. काढला तो बांधावरचा दाणा. ऑपरेशनला भिऊ नका, उशिराला भ्या.