अर्जनगढला बाळ, द्रोणाचार्यला बाप्या

दिल्ली मेट्रोच्या पिवळ्या लाइनवर अर्जनगढ हे दिल्लीतलं शेवटचं स्टेशन. त्यापुढचं गुरू द्रोणाचार्य हरियाणात. बावीस वर्षांचं पोरगं अर्जनगढला अबकारी कायद्याच्या लेखी बाळ असतं आणि पुढच्या स्टेशनावर बाप्या होऊन उतरतं, तेही साक्षात गुरूंच्या नावाच्या! निळ्या लाइनवर तोच चमत्कार न्यू अशोक नगर आणि नोएडा सेक्टर 15 यांच्यामध्ये घडतो. दिल्लीत दारू विकत घ्यायला 25 वर्षं पुरी लागतात. उत्तर प्रदेशात 21, हरियाणातही आता 21.

दिल्लीचा हा नियम 2009च्या अबकारी कायद्यात आहे. मार्च 2021मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया यांनी वय 21वर आणणार असं जाहीर केलं. नोव्हेंबरात नवं धोरण आलं, ठेक्यांवर, म्हणजे दारूच्या दुकानांवर, ‘एकावर एक फुकट’च्या रांगा लागल्या, ऑगस्ट 2022अखेर ते धोरण गुंडाळलं गेलं आणि पुढचं राजकारण सगळ्यांना तोंडपाठ आहे. एवढ्या रामायणात कायद्यातलं वय कुणी बदललंच नाही. हरियाणाने मात्र डिसेंबर 2021मध्ये विधानसभेत दुरुस्ती करून टाकली. कारण काय दिलं, तर लोक आता जास्त शिकलेत, जबाबदारीने पिण्याचा निर्णय घेऊ शकतात. दिल्लीतले लोक बहुधा तेवढे शिकलेले नसावेत.

यावर आपण महाराष्ट्रातून हसायचं कारण नाही. आपल्याकडे कडक दारूला 25, बिअर-वाइनला 21, आणि वर परवाना, तोही ‘आरोग्य राखण्यासाठी’. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलं की अठरा पुरेत.

माझी भाची 23 वर्षांची. नोकरी गुरुग्रामला, भाड्याची खोली दिल्लीत. ऑफिसच्या पार्टीत ती कायदेशीर असते आणि घरी परतून फ्रिजमधली बिअर उघडली की तिचं वय दोन वर्षांनी कमी पडतं. ‘‘मामा, मी यूपीएससी देऊन आयएएस होऊ शकते, अबकारी खात्यात बसून ठेक्याचं लायसन्स रद्द करू शकते, पण त्याच ठेक्यावरून बिअर घेऊ शकत नाही,’’ असं तिचं म्हणणं. चूक काय आहे त्यात? यूपीएससीला किमान वय 21 आहे. आणि 25व्या वर्षी तर लोकसभेची निवडणूक लढवता येते. बिअर आणि खासदारकी यांची पात्रता या शहराने एकच ठेवली आहे.

गेल्या डिसेंबरात ही भाची आईवडिलांबरोबर सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर गेली होती. परत आल्यावर समुद्र, डॉल्फिन, बुफे वगैरे सगळं दोन वाक्यांत आटोपलं आणि बारचं वर्णन मात्र साग्रसंगीत झालं. तिथे प्रत्येकाला एक कार्ड देतात. खोलीची किल्ली तीच, पैशांचं पाकीट तेच. बारवाल्याने ते यंत्राला टेकवलं की वय पडद्यावर. चेहरा बघून अंदाज नाही, ‘मॅम, ट्वेंटी-फाइव्ह हो ना?’ असं विचारून भलत्या दिशेला बघणं नाही. आपल्याकडे आधार कार्ड मागतात, पण बहुतेक वेळा मागितल्यासारखं करतात.

या क्रूझ कंपन्यांचे नियम मुद्दाम वाचले. रॉयल कॅरिबियनची जहाजं आशिया, युरोप, ऑस्ट्रेलियातून सुटली तर वय 18, उत्तर अमेरिकेतून सुटली तर 21. म्हणजे स्टेशनांचा खेळ तिथेही आहेच, फक्त स्टेशनं मोठी आहेत. मला खरा रस वाटला तो नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या एका फॉर्ममध्ये. तिथे वय 21, पण आई किंवा बाप सोबत असेल आणि त्याने लेखी संमती दिली, तर 18 ते 20 वर्षांच्या मुलाला खुल्या समुद्रात बिअर आणि वाइन मिळते. व्हिस्की नाही. एका कंपनीच्या कागदावर का होईना, आईबाप नावाची व्यक्ती अस्तित्वात आहे. ब्रिटनच्या कायद्यात आईबाप नाही, पण मोठं माणूस तरी आहे. सोळा-सतरा वर्षांचं मूल मोठ्या माणसासोबत पबमध्ये जेवायला बसलं, तर जेवणाबरोबर त्याला बिअर किंवा वाइनचा ग्लास चालतो. विकत मात्र मोठ्यानेच घ्यायचा.

आपल्याकडे आईबाप कुठे येतात? बाल न्याय कायद्याच्या कलम 77मध्ये. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सूट फक्त डॉक्टरच्या सांगण्यावरून, बापाच्या नाही. 2024च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने जो अपघात झाला, त्यानंतर हे कलम आपल्या वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं. ते असायलाच हवं. माझा प्रश्न अठरा ते पंचवीस या सात वर्षांचा आहे.

दिल्लीत घरी किती दारू ठेवायची याचाही नियम आहे: 25 वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे व्हिस्की-रम वगैरे 9 लिटर, बिअर-वाइन 18 लिटर. एका घरात 132 बाटल्या सापडल्या म्हणून गुन्हा दाखल झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022मध्ये तो रद्द केला, कारण एकत्र कुटुंब, घरात 25च्या वरची सहा माणसं, आणि हिशेब मर्यादेत बसत होता. धाकटी पाती त्या गुणाकारात धरलीच जात नाही. घर मोठं असल्याचा हा फायदा आमच्या पिढीला कुणी सांगितला नव्हता.

मग ही धाकटी पाती जाते कुठे? दिल्लीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. गाडीत. याला इथे ‘कार-ओ-बार’ म्हणतात. संध्याकाळी कुठल्याही मार्केटच्या मागच्या बाजूला जा, ठेक्यापासून पन्नास पावलांवर काचा वर केलेल्या गाड्या उभ्या असतात. बॉनेटवर मूगडाळीचं पाकीट, आत गाणी, प्लास्टिकचे ग्लास आणि बर्फ पानवाल्याकडून. बाटली आणायला पंचविशी ओलांडलेला एखादा मित्र असतोच. गुरुग्रामला ठेक्यालगत अहाता असतो, नोएडात मॉडेल शॉप, तिथे बसून तरी पितात. बसलेल्या माणसाला घरी जायला रिक्षा सुचू शकते. स्टीअरिंगमागे बसूनच प्यायलेल्याला ती सुचणं कठीण. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे त्या गाड्यांतल्या प्रत्येकाला माहीत असतं. नाका कुठे लागतो हेही माहीत असतं.

वय वाढवलं की पिणं उशिरा सुरू होतं, असं दारूबंदीवाले सांगतात. अमेरिकेने 1984मध्ये राज्यांना रस्त्यांच्या निधीचा धाक घालून 21 वय लावलं आणि अपघात कमी झाले, हा त्यांचा दाखला खोटा नाही. पण तो आकडा 21चा आहे, आणि तिथे दुकानदार ओळखपत्र खरोखर बघतो. दिल्लीने पंचविशीचा आकडा घेतला आणि बघण्याचं काम सोडून दिलं.

मी स्वतः पीत नाही, आणि बहिणीच्या घरात गणपतीच्या दिवसांत कांदासुद्धा चिरत नाहीत. तरी क्रूझवर तिने लेकीसमोर बसून तिला वाइन पिताना पाहिलं. एक ग्लास, जेवणाबरोबर, पोरीने अर्धा टाकला. ‘‘पुढे काय करते ते निदान मला कळलं,’’ ती म्हणाली. हेच दिल्लीत तिच्या खोलीवर चाललं असतं का, असं विचारल्यावर बहीण चिडली. ‘‘तिथे घरमालकीण आहे रे!’’

दिल्लीने बिअर-वाइनपुरतं तरी वय 21वर आणावं, दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांनी आकडा एक करावा आणि ठेक्यावर जन्मतारीख खरोखर बघावी, एवढंच माझं मागणं. आणि पोलिसांनी नाक्याआधी एक फेरी मार्केटच्या मागच्या पार्किंगमध्ये मारावी, शक्यतो गाड्या सुरू व्हायच्या आत.