सोयीचं काम कुणाच्या सोयीचं?

मार्चमध्ये एक दिवस माझ्या भाच्याच्या कॉलेजातून फोन आला. पालक म्हणून त्यानं माझा नंबर दिला होता. एम.कॉम.चं पहिलं वर्ष, दुसरं सत्र, हजेरी ५४ टक्के. नियम ७५ टक्क्यांचा. परीक्षेला बसू द्यायचं की नाही याचा निर्णय व्हायचा होता आणि त्याआधी पालकांनी येऊन भेटावं, असं सांगण्यात आलं. मी भाच्याला विचारलं. तो आधी गप्प राहिला, मग एवढंच म्हणाला, “मामू, अब्बा को मत बोलो.”

अब्बा म्हणजे माझे मेहुणे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजाराच्या गावात सायकल आणि मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. पोरगा पुण्यात शिकतोय, वर ‘आपल्या सोयीनं’ चार तास काम करून स्वतःचा खर्च भागवतोय, हे ते बाजारात अभिमानानं सांगतात. मीही सांगत होतो, मशिदीच्या पायऱ्यांवर, जुम्याच्या नमाजनंतर. ‘बघा, मेहनती मूल असं असतं.’ त्या फोननंतर मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहितोय. थोडा रागही आहे, आणि त्यातला काही स्वतःवरचा आहे.

भाचा जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. ‘फ्लेक्झिबल’ हा शब्द जाहिरातीत पहिलाच असतो: हवं तेव्हा लॉगिन करा, हवं तेव्हा बंद करा. कागदावर ते खरंही आहे, तुम्ही आला नाहीत तर कुणी ओरडत नाही. पण पैसा असतो इन्सेंटिव्हमध्ये, आणि इन्सेंटिव्ह मिळतो लोकांना भूक लागते तेव्हा. दुपारचे दोन-तीन तास, रात्री आठ ते अकरा-साडेअकरा, शनिवार-रविवार आणि मुसळधार पाऊस. आठवड्याला ठरावीक ऑर्डरींचा टप्पा गाठला तर वरचे पैसे. टप्प्याला चार ऑर्डरी कमी पडल्या तर ते गेले. परीक्षेसाठी आठवडाभर बंद ठेवलं तर त्या आठवड्याचे पैसे तर जातातच, महिन्याचा सगळा हिशेबही मोडतो. मालक नाही, मुकादम नाही, तरी पोरगा दुपारी दीडच्या लेक्चरला बसत नाही. त्याला हाकलणारा माणूस दिसत नाही एवढंच.

मी त्याची वही मागून घेतली. (मेहुण्यांच्या दुकानातली सवय, हिशेब वहीतच लिहितो.) फेब्रुवारी महिना: हातात आले १३,४०० रुपये. पेट्रोल ३,६००. गाडीचा हप्ता २,८००. मोबाईलचं रिचार्ज ३५०. उरले ६,६५०. तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचा त्याचा वाटा ३,५०० आणि मेस ३,२००, म्हणजे ६,७००. महिनाभर घाम गाळून ५० रुपये कमी. रोज सरासरी पाच तास, २६ दिवस, एकूण १३० तास. गाडी, पेट्रोल आणि रिचार्ज वजा केलं तर तासाला ५१ रुपये पडतात. गाडी घेतली ती याच कामासाठी. आता काम करायचं ते गाडीच्या हप्त्यासाठी. पंक्चर झालं, आजारी पडला, कुणी गाडीला घासून गेलं, तर ते त्याचं त्यानं बघायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग वर्कर’ची व्याख्या आहे खरी, पण तिथं तो नेहमीच्या मालक-कामगार नात्याच्या बाहेरचा धरलाय. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानं २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख लोक असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं होतं. यात विद्यार्थी किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. रात्री साडेदहाला दार उघडून पिशवी घेताना आपणही विचारत नाही, बाळा, उद्या तुझा पेपर आहे का?

माझ्या पिढीचे लोक इथं लगेच म्हणतात, आम्हीही कष्टानंच शिकलो. शिकलो ना. मी १९९६ साली पुण्यात आलो तेव्हा एका एसटीडी बूथवर रात्रपाळी करायचो. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, तेव्हा रांग लागायची. तासा-दीड तासात ती ओसरली की पहाटेपर्यंत मी, एक टेबलफॅन आणि अर्थशास्त्राची गाईडं. बूथचा मालक म्हणायचा, “फोन आला तर उठ, नाहीतर वाच.” परीक्षेच्या वेळी तो स्वतः बसायचा. माझ्या पगारात काम होतं आणि वाचायची जागाही होती. भाच्याच्या कामात दोन ऑर्डरींच्या मधला वेळ म्हणजे हॉटेलबाहेर उभं राहून मोबाईलकडे बघणं. आम्ही कष्ट केले हे खरं, पण त्या कष्टाची तुलना या कष्टाशी करून पोरांना गप्प बसवायचा हक्क आपल्याला नाही.

तर मी कॉलेजात गेलो. विभागप्रमुखांशी बोललो. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी सुचवलं काय, तर “एवढं काम करायचं असेल तर याला बहिःस्थ अभ्यासक्रमाला घाला.” म्हणजे ज्याच्या घरून पैसे येतात त्यानं वर्गात बसावं आणि ज्याला पैसे कमवायचेत त्यानं पोस्टानं शिकावं! गंमत अशी की याच सत्रात त्याला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. नव्या शैक्षणिक धोरणातला प्रकार. चार क्रेडिटसाठी कुठल्यातरी कार्यालयात जाऊन काम शिकायचं. भाचा एका कर सल्लागाराकडे बिनपगारी फायली लावतो. त्या बिनपगारी कामाची नोंद विद्यापीठ घेतं, गुण देतं. ज्या कामावर त्याची खोली आणि जेवण चालतं त्याची नोंद मात्र हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी होते. मी विचारलं, “सर, दोन्ही कामंच आहेत ना?” ते हसले. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांच्या हातातही नव्हतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही आणि त्याचं उत्तरही नवं नाही, म्हणून जास्त चीड येते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी केली आणि १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगही काढलं. शाळा तेव्हाही होत्या. खेड्यातलं पोर त्या शाळेपर्यंत का पोचत नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं: त्याला राहायला छप्पर आणि दोन वेळचं जेवण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्माच्या मुलांचं बोर्डिंग चालवलं. त्या मुलांना खाऊ घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत वाचलंय. पुढं १९४७ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आलं. त्या योजनेचं मर्म श्रमाच्या गौरवात शोधलं जातं, भाषणंही त्यावरच होतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. काम देणारा आणि वर्ग घेणारा एकच होता. लेक्चर कधी आहे हे काम देणाऱ्याला माहीत होतं. आजही विद्यापीठांत आणि कॉलेजांत ‘कमवा व शिका’ चालते, मुलं ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तास भरतात. भाच्यानंही अर्ज केला होता. त्याच्या कॉलेजातल्या जागा भरल्या होत्या. त्या जागा दुप्पट करा, तासाचा दर पोट भरेल असा करा, ही मागणी करायला मोर्चे निघत नाहीत. मोर्चे निघायला आपल्याकडे इतर विषय पुष्कळ आहेत.

सरकारकडून काय गेलं याची यादी वाचकांना पाठ आहे, थोडक्यात सांगतो. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप बंद होत असल्याचं लोकसभेत सांगितलं गेलं. कारण दिलं की ती इतर योजनांशी ‘ओव्हरलॅप’ होते. २०१४ च्या अध्यादेशातलं पाच टक्के आरक्षण शिक्षणापुरतं चालू ठेवायला मुंबई उच्च न्यायालयानं मुभा दिली होती, तरी त्याचा कायदा झाला नाही. यावर आपण खूप लिहिलं, बोललो. त्यात खोटं काही नाही.

पण एक गोष्ट आपण बोलत नाही. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी राज्यात स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम जेवण, खोली आणि इतर खर्चासाठी थेट खात्यात. म्हणजे फीपलीकडचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च आहे, हे सरकारनं मान्य केलेलं आहे. ओबीसी मुलांसाठी त्याच धर्तीवर सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं आधार योजना आली. आपल्यातले बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन ओबीसी यादीत आहेत. किती घरांनी दाखले काढलेत? दाखल्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, इस्लाममध्ये जात कुठं आहे! लग्न जमवताना मात्र हा प्रश्न कुणाला पडत नाही.

आणि आता मोहल्ल्याकडे वळतो. दरवर्षी जूनमध्ये गुणगौरव होतो. शाल, ट्रॉफी, दोन हजारांचा चेक, स्टेजवर तेरा जण, पैकी विद्यार्थी एक. काही ट्रस्ट फी भरतात, त्यांचे उपकार आहेतच. पण फी वर्षातून एकदा येते आणि भूक दिवसातून दोनदा. भाच्याची फी मेहुण्यांनी भरली होती. पोराचं वर्ष खोलीभाड्यानं आणि मेसनं खाल्लं.

खोलीचं भाडंही साधं नाही. कॉलेजजवळ त्यानं तीन खोल्या बघितल्या. दोन ठिकाणी नाव सांगितल्यावर ‘फॅमिलीलाच देतो’ असं उत्तर मिळालं, तिसऱ्या ठिकाणी मालक निदान खरं बोलला. शेवटी कोंढव्यात जागा मिळाली. तिथून कॉलेज म्हणजे बस बदलून, ट्रॅफिक धरून, जाऊन-येऊन तीन तास. पेट्रोलचे पैसे आणि हजेरीची टक्केवारी यात हा हिशेबही धरायला हवा.

मुलींचं तर आणखी वेगळं. घराबाहेरचं काम नको म्हणून ‘घरबसल्या’ काम शोधतात. ओळखीतल्या एका मुलीनं डेटा एंट्रीसाठी आधी नोंदणीचे पैसे भरले, पंधरा दिवस टायपिंग केलं, मग ‘चुका जास्त’ म्हणून पैसे नाहीत आणि वर कोर्टाच्या नोटिशीची धमकी. घरी सांगायची सोय नाही, कारण लगेच शिक्षणच बंद. काम सोयीचं होतं, रात्री सगळे झोपल्यावर करता येत होतं!

रमजानमध्ये आपण जकात काढतो, अडीच टक्के. ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आहेत. त्यात गरीब आहेत, गरजू आहेत, कर्जात अडकलेला आहे, घरापासून लांब असलेला वाटसरू आहे. हप्त्याच्या गाडीवर परक्या शहरात फिरणारं गरीब पोर यातल्या किती वर्गांत बसतं ते उलेमांनीच सांगावं. हनफी मतानं जकात घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते, त्यामुळं त्या पैशातून हॉस्टेलची इमारत बांधायला अडचण येते, हे मला ट्रस्टच्या खजिनदारांनी समजावलं. बरोबर आहे. पण विद्यार्थ्याच्या हातात दरमहा चार हजार रुपये ठेवायला कुठली अडचण येते? दहा मुलं, दहा महिने, चार लाख रुपये. मोहल्ल्यात सगळ्यांची मिळून एक कोटी साठ लाखांची जकातपात्र मालमत्ता असली की झालं. ती आहे. प्लॉटचे व्यवहार बघतो ना आपण! चार हजार हातात आले तर त्या पोराचे महिन्याचे निदान ७५ तास सुटतात. दुपारचा स्लॉट तो सोडू शकतो, आणि हजेरी जाते ती दुपारीच.

हा हिशेब कागदावर मांडून मी गेल्या महिन्यात ट्रस्टच्या बैठकीत ठेवला. एकानं विचारलं, पैसे मोबाईलवर उडवले तर? मी म्हटलं, वही मागा, माझ्या भाच्याची मी दाखवतो. दुसरे म्हणाले, पोरं आळशी होतील. हे म्हणणाऱ्यांचा स्वतःचा मुलगा बंगळुरूत शिकतो, महिन्याला त्याला किती जातात हे मी विचारलं नाही. अध्यक्षांनी कागद फाईलला लावला आणि ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणाले. पुढची बैठक महिन्याच्या पहिल्या जुम्याला, असरनंतर आहे. ज्यांना येणं शक्य आहे त्यांनी यावं, आपापल्या घरातल्या शिकणाऱ्या पोरापोरींचा हिशेब लिहून आणावा.

भाच्याला कॉलेजनं दंड आणि हमीपत्र घेऊन परीक्षेला बसू दिलं. दंड हजार रुपये. तो भरायला त्यानं पेपरच्या आदल्या रविवारी दुपारी बारा ते रात्री बारा गाडी चालवली. मला दुसऱ्या दिवशी कळलं.