विद्वत्संस्थेची वर्गणी आणि संवादातील समता

निरनिराळ्या संस्कृतींतील माणसे परस्परांना कशी समजून घेतात आणि कोठे चुकतात, याचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांच्या संघटना जगात थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या लहान आहेत. कार्यकारिणी, सरचिटणीस, खजिनदार, नियतकालिक आणि ठरावीक काळाने भरणारे अधिवेशन, एवढाच त्यांचा संसार. अशा संस्थांच्या कारभाराशी सामान्य वाचकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, समतेचे तत्त्व घटनेत लिहिणे सोपे आणि व्यवहारात उतरविणे कठीण का असते, हे मोठ्या राज्यव्यवस्थेपेक्षा लहान संस्थेच्या हिशेबवहीत अधिक स्पष्ट दिसते.

आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. जॉन डॉसन यांच्या पुढाकाराने १९७२ साली हाँगकाँग येथे ही संघटना स्थापन झाली. जेरोम ब्रूनर तिचे पहिले अध्यक्ष होते. तोवर अमेरिका व युरोपमधील विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष अखिल मानवजातीचा स्वभाव म्हणून सांगितले जात. ही प्रथा तपासून पाहणे हाच या विद्वानांचा उद्देश होता. संघटनेचे पाचवे अधिवेशन १९८० साली भुवनेश्वरला भरले. अलाहाबाद विद्यापीठातील दुर्गानंद सिन्हा यांनीही तिचे अध्यक्षपद भूषविले. पाश्चात्त्य कल्पना जशाच्या तशा उचलण्याऐवजी खेडे, दारिद्र्य आणि वंचितता हे मानसशास्त्राचे विषय झाले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

या संघटनेने एक गोष्ट आरंभीच्या पिढीकडून चांगली उचलली. तिची वर्गणी सर्वांना सारखी नसून सभासदाच्या उत्पन्नानुसार ठरते. शिवाय विट्किन या अमेरिकन आणि ओकोन्जी या नायजेरियन मानसशास्त्रज्ञांच्या स्मरणार्थ एक निधी आहे, व त्यातून अल्प उत्पन्नाच्या देशांतील अभ्यासकांना अधिवेशनास येण्यासाठी साहाय्य मिळते. सर्वांना समान वर्गणी ही वरवर न्याय्य वाटते. परंतु एकच डॉलरमधील रक्कम अमेरिकेतील प्राध्यापकाला एका जेवणाच्या खर्चाइतकी, तर तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या भारतीय अध्यापकाला अनेक तासांच्या कमाईइतकी पडते. विषम उत्पन्नाच्या जगात समान आकारणी ही विषमताच असते. आयकरात जे तत्त्व मान्य झाले, ते विद्वत्संस्थेच्या पावतीपुस्तकातही मान्य व्हावे यात उपकाराचा प्रश्न नाही.

मात्र वर्गणी ही एकूण खर्चातील सर्वांत लहान बाब आहे. खरा खर्च विमानाचा, निवासाचा आणि व्हिसाचा. हाँगकाँगनंतरची अधिवेशने कॅनडातील किंग्स्टन, हॉलंडमधील टिलबर्ग आणि जर्मनीतील म्युनिक येथे झाली. द्वैवार्षिक अधिवेशन आफ्रिका खंडात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश येथे पोहोचावयास २०१२ साल उजाडले. मधल्या चाळीस वर्षांत कोणी आफ्रिकेला मुद्दाम वगळले असे म्हणण्याचे कारण नाही. अधिवेशनाचा भार यजमान विद्यापीठ उचलते. ज्या विद्यापीठाजवळ पैसा नाही ते निमंत्रण देत नाही, आणि जेथे अधिवेशन भरत नाही तेथील तरुण अभ्यासकांच्या ओळखी होत नाहीत, निबंध छापले जात नाहीत, म्हणून तेथील विद्यापीठ मागेच राहते. अर्थशास्त्रात दारिद्र्याचे दुष्टचक्र म्हणतात ते हेच. कोणाचाही वाईट हेतू नसताना ते फिरत राहते, म्हणूनच ते जाणीवपूर्वक तोडावे लागते.

या चक्राचे फळ संपूर्ण शास्त्राला भोगावे लागले आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या सहा प्रमुख नियतकालिकांची तपासणी करून जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली दाखविले की, त्यांतील अभ्यासांचे ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होते, आणि या देशांत जगाची केवळ १२ टक्के लोकसंख्या राहते. ज्यांना सभेत बोलावयास जागा नाही, त्यांचे मन शास्त्राच्या पुस्तकातही गैरहजर राहते.

दुसरा प्रश्न नियतकालिकांच्या मालकीचा. निबंध प्राध्यापक लिहितात आणि परीक्षण दुसरे प्राध्यापक करतात; या श्रमांचा मोबदला प्रकाशक बहुधा देत नाहीत. छापून झाल्यावर तेच निबंध प्रकाशक कंपन्या विद्यापीठांना विकतात. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीत तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध करून देण्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. विद्यार्थ्यांची सोय झाली हे खरे. तथापि अध्यापकांच्या विनावेतन श्रमातून निर्माण झालेली वस्तू सार्वजनिक पैशाने पुन्हा विकत घ्यावी लागते, हेही तितकेच खरे. याला पर्याय नाही असे नाही. भाषाशास्त्राच्या 'लिंग्वा' या नियतकालिकाच्या संपादक मंडळाने २०१५ साली एल्सव्हियर कंपनीशी असलेले नाते तोडून राजीनामे दिले आणि 'ग्लोसा' हे विनामूल्य वाचता येणारे नियतकालिक उभे केले. संपादक, लेखक आणि वाचक एकत्र राहिले तर मालकाविना नियतकालिक चालते, एवढे त्यातून सिद्ध झाले. प्रकाशकाकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर संस्थेचा खर्च भागतो हा खजिनदाराचा युक्तिवाद खोटा नाही. पण ते उत्पन्न गरीब देशांतील ग्रंथालयांनी आणि वाचकांनी भरलेल्या किमतीतूनही येते, याची नोंद त्याच्या वहीत नसते.

सर्वांत अवघड प्रश्न भाषेचा. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली या शास्त्राला एक काटेकोर पद्धत घालून दिली. प्रश्नावली लोकांच्या भाषेत अनुवादित करावयाची, दुसऱ्या अनुवादकाकडून ती पुन्हा मूळ भाषेत आणवावयाची, आणि दोन्ही पाठ ताडून पाहावयाचे. प्रश्न विचारण्यासाठी एवढा कष्ट घेणारे विद्वान उत्तर परत देताना मात्र अनुवाद विसरतात. प्रश्नावली शेतकऱ्याच्या भाषेत जाते, निष्कर्ष इंग्रजीत राहतो. ज्याने माहिती दिली त्याला तिचे काय झाले हे कधी कळत नाही. कच्चा माल वसाहतीतून न्यावा आणि पक्का माल तिला न परवडणाऱ्या किमतीस विकावा, हा व्यवहार दादाभाई नौरोजींच्या देशाला नवा नाही. प्रत्येक निबंधाचा दोन पानी सारांश ज्या समाजाचा अभ्यास केला त्याच्या भाषेत प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, तर संस्थेचा खर्च फारसा वाढणार नाही, आणि संवाद या शब्दाला अर्थ येईल.

अखेर प्रश्न अंतर्गत लोकशाहीचा. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ साली अल्पसत्तेचा पोलादी नियम मांडला तो जर्मन समाजवादी पक्षाच्या अभ्यासातून, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी विसरू नये. लहान विद्वत्संस्थेत तो अधिक सहज लागू पडतो. सभासदांची यादी, पत्रव्यवहार आणि बँकेचे खाते एका निष्ठावान सरचिटणीसाच्या हाती वर्षानुवर्षे राहते. त्याच्या त्यागाबद्दल सर्वांना आदर असतो, आणि त्या आदरापोटीच कोणी हिशेब विचारीत नाही. पुढे तो थकला की संस्थाही थकते. उलट मॅन्सर ऑल्सन यांनी १९६५ साली दाखविले की, सामुदायिक हिताचे काम मोठ्या समूहापेक्षा लहान समूहात अधिक चांगले होऊ शकते, कारण तेथे कोण भार उचलतो आणि कोण टाळतो हे सर्वांना दिसते. हा लाभ पदरात पडावयाचा तर पदांची मुदत बांधलेली हवी, दप्तर वेळेवर पुढच्याच्या स्वाधीन झाले पाहिजे आणि हिशेब दरवर्षी सभासदांपुढे आला पाहिजे.

एवढ्या अपेक्षा लहान संस्थेला झेपणार नाहीत असे म्हटले जाईल. वस्तुतः यांतील फारच थोड्या गोष्टींना पैसा लागतो. उत्पन्नानुसार वर्गणी, दर दुसरे अधिवेशन गरीब देशात, विनामूल्य नियतकालिक, लोकभाषेत सारांश आणि मुदतबंद पदे, हे निर्णय एका सर्वसाधारण सभेत साध्या बहुमताने होऊ शकतात. अडचण पैशाची नसून सवयीची आहे. संस्कृतींमधील अंतराचे मोजमाप करणाऱ्यांनी प्रथम आपल्या सभेच्या दारापासून ते अंतर मोजावे. त्या दारात कोण थबकले आहे हे ज्या संस्थेला दिसत नाही, तिच्या शोधनिबंधांवर जगाने विसंबावे तरी कसे?