धान दुसऱ्याचे, भरडाईचा धंदा

‘कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला, तर विकायचे काय?’ गोंदियात संगणक शिकणारी मुले हे विचारतात आणि जाणती माणसे मान डोलावतात. ओपन सोर्स म्हणजे हौस, पोट भरायचे तर कुलूपच हवे, असा हा पक्ष. तो खोटा ठरवायला जिल्ह्यातली राईस मिल पुरेशी आहे.

मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ आधारभूत किमतीने घेतलेले धान मिलमध्ये येते, पण मिलमालकाचे होत नाही. क्विंटलमागे 67 किलो तांदूळ सरकारजमा करायचा आणि भरडाईचा दर घ्यायचा. पैसा मिळतो तो यंत्राचा, मजुरांचा, वेळेवर झालेल्या कामाचा.

सॉफ्टवेअरमध्येही हेच चालते. मुंबईच्या रुषभ मेहता यांच्या फ्रापे कंपनीने ‘ईआरपीनेक्स्ट’ जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले ठेवले आहे. हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारी ही प्रणाली कुणीही उतरवून घ्यावी. कंपनी पैसे घेते ते सर्व्हरवर चालवून देण्याचे आणि अडचणीत मदतीला येण्याचे. लिनक्सच्या आधाराची वर्गणी विकणारी रेड हॅट तर 2019 मध्ये आयबीएमने 34 अब्ज डॉलरना घेतली. ही हौस नव्हे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. बड्या क्लाउड कंपन्या आयता कोड घेऊन सेवा विकतात, मूळ कंपनी कोरडी राहते. तक्रार खरी, पण त्यावर कुलूप घालणे हा उपाय फसला आहे. शोधप्रणाली बनवणाऱ्या इलॅस्टिकने 2021 मध्ये परवाना आवळला. ॲमेझॉनने आधीच्या खुल्या कोडवरून ‘ओपनसर्च’ वेगळे काढले. डेटाबेस बनवणाऱ्या रेडिसनेही मार्च 2024 मध्ये परवाना आवळला आणि काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनखाली ‘व्हॅल्की’ उभे राहिले. इलॅस्टिक 2024 मध्ये, रेडिस 2025 मध्ये एजीपीएल या खुल्या परवान्याकडे वळले. लोकांच्या श्रमावर वाढलेला कोड नंतर बंद केला की ते लोक निघून जातात, आणि कोडची ताकद त्यांच्यातच असते. एजीपीएल नेमके दुखण्यावर बोट ठेवतो : बदललेला कोड नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर ते बदलही वापरणाऱ्यांना खुले करा.

म्हणून आमगावच्या किंवा तिरोड्याच्या मुलाने मिलसाठी लॉटनिहाय धान-तांदळाचा मेळ आणि बारदान्याचा हिशेब ईआरपीनेक्स्टवर बसवावा. कोडची किंमत मागू नये. बसवणे, शिकवणे, ऐन हंगामात बिघाड काढणे यांचा वार्षिक करार मागावा, आणि मिलमालकाने तो घासाघीस न करता द्यावा. सगळ्यांच्या उपयोगाची सुधारणा मुलाने मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. ती तिथे स्वीकारली गेली, तर प्रत्येक नव्या आवृत्तीत ती पुन्हा जुळवत बसण्याचा त्याचा भार हलका होतो.