वारा अडवा, हवा नको

दिल्लीत डिसेंबरचं धुकं उतरलं की कॅन्टोन्मेंटमध्ये एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. क्वार्टरमागे चार-सहा कोंबड्या पाळणारे ताडपत्री, पोती, जुनी घोंगडी घेऊन खुराडं चारही बाजूंनी बंद करतात. हेतू चांगला. पण माझं स्पष्ट मत आहे, की इथल्या हिवाळ्यात मोठ्या कोंबडीला थंडीपेक्षा ही काळजीच जास्त नडते.

हिशेब बघा. सफदरजंगला आजवरचं सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं ते १६ जानेवारी १९३५ रोजी, उणे ०.६ अंश. एरवी कडाक्याची रात्र म्हणजे तीन-चार अंश. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम, वर पिसांचा कोट. कोरडी असेल तर ती एवढी थंडी सहज काढते. पण तिच्या विष्ठेत बहुतांश पाणीच असतं आणि श्वासातूनही वाफ निघते. बंद खुराड्यात ही वाफ पत्र्याला लागून ठिबकते, खालची तुसाची गादी भिजते आणि तिच्यातून अमोनिया सुटतो. सकाळी दार उघडताना आपले डोळे चुरचुरले, तर कोंबडीने रात्रभर काय सोसलं ते समजावं. मग ती घरघरू लागते आणि दोष जातो थंडीला.

कोणी विचारेल, बाहेर धुक्याची दमट हवा, ती आत कशाला घ्यायची? थंड हवेत मुळात पाणी कमी मावतं. आत येऊन ती दोन-चार अंश तापली की ओल शोषते आणि वरच्या वाटेने घेऊन जाते. गावाकडचं बांबूचं डालगं हेच करायचं.

म्हणून वायव्येचा वारा अडवा, पण बसायच्या दांडीच्या थोडं वरपर्यंतच. छपराखाली वीतभर जाळी उघडी ठेवा. पाण्याचं भांडं रात्री बाहेर काढा. तूस मुठीत दाबून गोळा झाला तर बदला. पिल्लांची गोष्ट वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते. त्यांना बल्ब जरूर लावा, पण जाळी तरीही उघडीच.

शेगडी मात्र कुठल्याही खुराड्यात नको. बर्फातल्या चौकीवर बुखारीशेजारी झोपलेल्या जुन्या मंडळींना झरोक्याचं मोल सांगायला नको. इथे सपाटीवर ते विसरलं जातं. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या अलीपूर भागात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले एकाच कुटुंबातले चौघे दगावले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

तेव्हा आज रात्री खुराड्याची जाळी बघायला जाल, तेव्हा गेटवरच्या चौकीदाराच्या खोलीतही डोकावून या. आत शेगडी पेटलेली दिसली तर ती बाहेर ठेवायला लावा आणि घरात पडून असलेलं जास्तीचं ब्लँकेट त्याला द्या.